दुसरा कुत्रा आणण्याआधी: गोव्यातल्या घरांसाठी

गोव्यात घरातला दुसरा कुत्रा बहुधा ठरवून येत नाही. पावसात भिजलेले एखादे पिल्लू पडवीत शिरते. पर्यटनाचा हंगाम संपला की कोणीतरी भाड्याचे घर सोडून जाते आणि त्याचा कुत्रा वाड्यावरच, म्हणजे वस्तीतच, राहतो. दोन-चार दिवस उरलेला भात घातला जातो, मुले त्याला नाव ठेवतात आणि मग विषय संपला असे सगळे धरून चालतात. त्या नावाआधी थोडे थांबा, एवढीच या लेखाची विनंती आहे. दुसरा कुत्रा आणायचा की नाही, हे घरात आधीपासून असलेल्या कुत्र्याकडे पाहून ठरवायचे असते. आपली हौस किंवा कणव त्यानंतर. पहिल्याचे मत समजून घेता येते. त्यासाठी घाई टाळावी लागते आणि कुठे पाहायचे ते माहीत असावे लागते.

पहिली पायरी: कारण स्वच्छ बोलून घ्या

घरातल्या मोठ्यांनी एकत्र बसून "दुसरा कशाला हवा?" याचे उत्तर द्यावे. सर्वांत जास्त ऐकू येणारे उत्तर म्हणजे "आम्ही कामावर जातो, तो एकटा पडतो." यात नीट फरक करायला हवा. तुमचा कुत्रा कंटाळतो, अंगण उकरतो, चपला चावतो, पण दुसरे कुत्रे दिसले की खुलतो, तर सोबतीचा त्याला उपयोग होऊ शकतो. मात्र तुम्ही दार ओढून घेताच तो धापा टाकतो, लाळ गाळतो, दरवाजा ओरबाडतो, तुम्ही परत येईपर्यंत पाण्यालाही तोंड लावत नाही, तर त्याला माणूस जाण्याची भीती आहे. दुसरा कुत्रा ती भीती सहसा घालवत नाही. उलट नवा पहिल्याचे पाहून तसेच करायला शिकू शकतो. या कुत्र्याला आधी पशुवैद्याकडे न्या, एकटे राहण्याची सवय मिनिटामिनिटाने वाढवा, आणि दुसऱ्याचा विचार त्यानंतर करा.

"राखणीला दोन बरे" हेही कारण असते, विशेषतः वाड्यापासून दूर, कुळागराला (पोफळीच्या बागेला) लागून घर असेल तर. पण राखणीसाठी आणलेला कुत्रा दिवसभर साखळीला बांधून ठेवायचा असेल तर आणूच नका. सतत बांधून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसे हिंडू-फिरू न देणे हा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या 1960 च्या कायद्याच्या कलम 11 खाली गुन्हा आहे. शिवाय बांधलेल्या कुत्र्यांची एकमेकांशी मैत्री होत नाही. दोघे साखळीच्या टोकाला ताणून भुंकत राहतात आणि एक दिवस साखळी तुटते.

"हा आता म्हातारा झाला, हा असतानाच दुसरा येऊ दे" या कारणामागचे दुःख मला कळते. पण म्हाताऱ्या कुत्र्याचे सांधे दुखत असतात, नजर अंधुक झालेली असते, आणि दोन महिन्यांचे पिल्लू दिवसभर त्याच्या कानाला लोंबकळते. त्याच्या शेवटच्या वर्षांतली शांतता आपण काढून घेतो. तो अजून खेळकर असेल तर गोष्ट वेगळी. दुखणाईत असेल तर नको.

आणि एक साधा नियम: घरातले एक माणूस जरी मनापासून "नको" म्हणत असेल, तर तो नकार मोजा. बहुतेक घरांत दुपारचे जेवण आणि साफसफाई त्याच माणसाच्या वाट्याला येते.

दुसरी पायरी: पहिल्याकडे तीन-चार आठवडे नीट बघा

याच पायरीला सर्वांत जास्त वेळ द्या. रोज सकाळ-संध्याकाळ फिरायला नेताना पाहा, समोरून कुत्रा आला की तो काय करतो. अंग सैल, शेपटी सैलसर हलते, तोंड थोडे उघडे, वळणावळणाने जवळ जातो, मागून हुंगतो आणि बाजूला होतो: हे सगळे चांगले. पुढचे दोन पाय पसरून, छाती जमिनीला टेकवून, मागचा भाग वर ठेवतो ते खेळायचे बोलावणे. उलट अंग ताठ होते, तोंड घट्ट मिटते, नजर एका जागी रोवली जाते, शेपटी उंच ताठ होऊन नुसते टोक थरथरते, तेव्हा तो नाराज आहे. शेपटी हलतेय म्हणजे आनंदच, असे समजू नका. गुरगुरण्याबद्दल त्याला रागावूही नका. गुरगुर ही सूचना आहे. ती मार देऊन बंद केली तर पुढच्या वेळी तो सूचनेशिवाय चावतो.

मग घरातले पाहा. तो जेवत असताना जवळ गेले तर थबकतो का, घास भराभर गिळतो का, वाडग्यावर मान आडवी धरतो का? हाड घेऊन पलंगाखाली जातो आणि तिथून ओठ वर उचलतो का? तुमच्या मांडीशी मांजर आले तर मध्ये घुसतो का? वस्तू आणि माणूस राखून ठेवण्याची ही सवय घरात एकटा असताना चालून जाते, कारण आपण आपसूक वाट बदलतो. दुसरा कुत्रा वाट बदलत नाही. भांडणे बहुतेक अन्न, झोपायची जागा, दाराची चौकट आणि मालकाचे लक्ष यांवरून होतात.

तो तुमचे किती ऐकतो हेही महत्त्वाचे. "ये", "बस", "सोड" हे तीन शब्द तो पोदेराचा (पाववाल्याचा) पोंव-पोंव भोंपू वाजत असतानाही ऐकतो का? नुसत्या शांत खोलीतले ऐकणे धरू नका. पहिला फाटकावर झेप घेऊन भुंकत असेल तर दुसरा आठवड्यात तेच करील. आधी एकाची सवय सुधारा. दोघांची एकदम सुधारणे फार कठीण जाते.

या काळात ओळखीच्या, शांत स्वभावाच्या, लस झालेल्या कुत्र्याला एखादी संध्याकाळ अंगणात बोलवा. बाहेर सगळ्यांशी खेळणारे पुष्कळ कुत्रे स्वतःच्या फाटकाच्या आत पाहुणा सहन करत नाहीत. हा फरक कळला की अर्धा निर्णय तिथेच होतो.

तिसरी पायरी: घर, शेजार आणि चतुर्थी

जागेबद्दल लोक चौरस मीटर मोजतात. मी दरवाजे मोजायला सांगेन. दोन कुत्र्यांना एकमेकांपासून पूर्ण वेगळे ठेवता येतील अशा दोन जागा घरात हव्यात, ज्यांच्यामध्ये बंद होणारे दार आहे. भोवती मोठे भाट (बागायत) असूनही आत एकच सलग खोली असेल तर अडचण येते. ताळगाव किंवा पर्वरीच्या दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये हे उलट सहज जमू शकते.

भाड्याच्या घरात राहत असाल तर मालकाची परवानगी लेखी घ्या. अकरा महिन्यांचा करार संपल्यावर दोन कुत्र्यांसह दुसरे घर मिळणे एका कुत्र्यापेक्षा किती तरी अवघड असते. स्वतःच्या फ्लॅटमध्ये असाल तर सोसायटीला कुत्रा पाळण्यावर सरसकट बंदी घालता येत नाही. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने 2015 च्या मार्गदर्शक सूचनांत हे स्पष्ट केले आहे. तरी शेजाऱ्याशी आधी बोलून घ्या. पहाटे एक भुंकतो आणि दुसरा त्याला साथ देतो, हे रोजचेच. पंचायत किंवा पालिकेत कुत्र्याची नोंदणी कशी होते तेही विचारून या. मोठ्या ताकदीच्या जातीचा विचार असेल तर आधी नियम तपासा: पिटबुल आणि रॉटवायलर या जातींवर बंदी आणण्याचा निर्णय गोवा मंत्रिमंडळाने जानेवारी 2025 मध्ये घेतला.

आता चतुर्थी. सगळे कुटुंब मूळ घरी जाते, दीड दिवस ते पाच दिवस, काहींकडे त्याहून जास्त. एक कुत्रा गाडीत मागच्या सीटवर बसून येतो. दोघांचे काय? मूळ घरी माटोळीखाली (गणपतीवर टांगलेल्या फळा-पानांच्या चौकटीखाली), पाहुण्यांच्या गर्दीत, फटाक्यांच्या आवाजात दोघांना कोण सांभाळणार? शेजारी एकाला जेवण घालतो म्हणाला होता, दोघांना घालेल का? त्यात नेवऱ्यांमधले बेदाणे आहेत. मनुका, बेदाणे, द्राक्षे कुत्र्याचे मूत्रपिंड निकामी करू शकतात, आणि दोन कुत्रे असले की कोणी काय उचलले यावर लक्ष राहत नाही. पुढे दिवाळीत नरकासुराचे पुतळे जाळण्याची रात्र येते. एक घाबरला की भीतीच्या भरात शेजारच्यावर उलटू शकतो. त्या रात्री दोघे वेगळ्या खोलीत, खिडक्या बंद, आणि एक माणूस घरी. ते माणूस कोण, हे आत्ताच ठरवा.

सत्तरी, धारबांदोडा, सांगे, काणकोण या भागांत रानाला लागून घर असेल तर रात्री दोघांनाही आत घेण्याची सोय लागेल. बिबट्या कुत्रे उचलतो. पावसाळ्यात अंगणात नाग किंवा घोणस निघाली तर एकटा कुत्रा भुंकून मागे सरतो. दोघे असले की एकमेकांच्या जोरावर पुढे जातात. जवळचा सर्पमित्र आणि रात्री उघडणारा पशुवैद्य, दोन्ही फोन भिंतीवर लिहून ठेवा.

चौथी पायरी: खर्च आणि गोचीड

गेल्या वर्षभरात पहिल्यावर झालेला सगळा खर्च एका कागदावर मांडा: अन्न, लस, जंताचे औषध, गोचिडीचे औषध, दवाखाना. सरळ दुप्पट करा. मग त्यात एका मोठ्या आजारपणाची रक्कम वेगळी धरा, कारण संसर्गाचे आजार दोघांनाही एकाच वेळी गाठू शकतात. तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात खर्च कमी येतो, पण वेळ ठरलेली असते. रात्रीसाठी खासगी डॉक्टर लागतोच.

गोव्यात सर्वांत जास्त त्रास देते ती गोचीड. तपकिरी गोचीड घराच्या आतही वाढते. चिऱ्याच्या भिंतींच्या सांध्यांत, दाराच्या चौकटीमागे, पलंगाच्या फटीत लपते, आणि एक मादी हजारो अंडी घालते. तिच्यातून एर्लिकिया पसरतो, ज्याला सगळे टिक फिव्हर म्हणतात: ताप, जेवण बंद, हिरड्या पांढुरक्या, कधी नाकातून रक्त. दोन कुत्रे म्हणजे गोचिडीला दोन घरे. एकाला औषध दिले आणि दुसऱ्याला पुढच्या पगारावर ढकलले तर पहिल्याचे पैसेही वाया जातात. दोघांना एकाच दिवशी, वर्षभर, वजनाप्रमाणे औषध देणे परवडत असेल तरच पुढे जा. घरात मांजर असेल तर परमेथ्रिन असलेली पावडर किंवा थेंब कुत्र्याला वापरू नका. मांजरासाठी ते विष आहे.

पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून, उंदरांच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिस होतो, आणि तो कुत्र्यापासून माणसालाही होऊ शकतो. त्याची लस दरवर्षी लागते. ती जूनच्या आधी देऊन घ्या.

पाचवी पायरी: कोणता निवडायचा

माझे मत ठाम आहे: पहिला कुत्रा असेल तर दुसरी कुत्री, पहिली कुत्री असेल तर दुसरा कुत्रा, आणि दोघांची नसबंदी. एकाच घरातल्या एकाच लिंगाच्या दोन कुत्र्यांची, त्यातही दोन माद्यांची भांडणे पेटली तर मिटायला फार अवघड जातात. अपवाद पुष्कळ आहेत, पण नवख्या माणसाने अपवादावर घर चालवू नये. नसबंदी आधी, एकत्र ठेवणे नंतर. शस्त्रक्रियेनंतरही नर काही आठवडे प्रजननक्षम राहू शकतो. मादी साधारण सहा महिन्यांनी माजावर येते, दोन-तीन आठवडे राहते, आणि गाभण राहिली तर सुमारे 63 दिवसांत घरात अर्धा डझन पिल्ले असतात.

वयात अंतर ठेवा. पहिला दीड-दोन वर्षांचा, शिकलेला, स्थिरावलेला असावा. दोन सख्खी पिल्ले एकदम आणू नका. ती एकमेकांत इतकी गुंततात की माणसाचे ऐकायला शिकत नाहीत, आणि मोठी झाल्यावर त्यांचीच आपसात जुंपते. अंगाच्या आकारातही फार फरक नको.

पिल्लू विकत घेणार असाल तर 8 आठवड्यांखालचे पिल्लू विकण्यास 2017 च्या नियमांनी मनाई आहे. पण आपल्याकडे विकत घेण्याची गरज क्वचितच पडावी. कुडचड्याचा गोवा ॲनिमल वेल्फेअर ट्रस्ट असो किंवा गावात स्वतःहून कुत्र्यांना सांभाळणारी माणसे, त्यांना तुमच्या पहिल्याचा स्वभाव सांगा आणि मोठा, वर्षभराच्या पुढचा कुत्रा मागा. मोठ्या कुत्र्याचा स्वभाव समोर दिसतो. पिल्लाचा अंदाजच करावा लागतो.

फाटकावर बसणाऱ्याबद्दल एक वेगळा पर्यायही आहे. त्याला घरात घेणे जमत नसेल तर तो वाड्याचा कुत्रा म्हणून राहू शकतो. नसबंदी करून घ्या, रेबीजची लस दरवर्षी द्या, ठरलेल्या जागी खायला घाला. 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत अशा कुत्र्यांना खाऊ घालण्याची तरतूद आहे. गोवा 2021 मध्ये रेबीज-नियंत्रित क्षेत्र जाहीर झाला तो घरोघरी आणि रस्त्यारस्त्यावर वर्षानुवर्षे झालेल्या लसीकरणामुळे. तुमच्या फाटकावरच्या कुत्र्याची लस त्यातच मोजली जाते. घरात घेता आले नाही म्हणून अपराधी वाटून घेऊ नका.

सहावी पायरी: आधी दोन आठवडे वेगळे

नव्याला थेट अंगणात सोडू नका. आधी डॉक्टर: तपासणी, शक्य तर रक्ताची चाचणी, जंताचे औषध, गोचिडीचे औषध. मग किमान दोन आठवडे वेगळी खोली, वेगळा वाडगा, वेगळा झाडू. पार्व्हो आणि डिस्टेंपर हे कुत्र्यांचे जीवघेणे संसर्गजन्य आजार: पार्व्होची लक्षणे बहुतेक वेळा आठवडाभरात दिसतात, डिस्टेंपरला जास्त वेळ लागू शकतो. पार्व्होचा विषाणू मातीत महिनोन् महिने टिकतो. सारवलेले अंगण निर्जंतुक करता येत नाही. फरशी असेल तर आधी स्वच्छ धुऊन मग 1 भाग ब्लीच आणि 30 भाग पाणी घालून दहा मिनिटे ओली ठेवा. नेहमीच्या फिनाईलवर विसंबू नका. पिल्लाच्या लसी साधारण 6 ते 8 आठवड्यांपासून सुरू होऊन 16 आठवड्यांपर्यंत चालतात. त्या पूर्ण होईपर्यंत त्याला रस्त्यावर उतरवू नये.

हे दोन आठवडे फुकट जात नाहीत. एकाचे जुने अंथरूण दुसऱ्याला हुंगायला द्या, बंद दाराच्या दोन बाजूंना दोघांना जेवण द्या. चेहरा दिसण्याआधी वास ओळखीचा झालेला असतो.

सातवी पायरी: भेट

भेट घराबाहेर, दोघांनाही परक्या जागी. सकाळी लवकर, डांबर तापायच्या आधी, गावाचे फुटबॉलचे मैदान किंवा निर्जन रस्ता. समुद्रकिनारा नको, तिथले कळप मध्ये पडतात. दोन माणसे, दोन पट्टे. समोरासमोर आणू नका. पाच-सहा मीटर अंतर ठेवून एकाच दिशेला चाला, जमेल तसे अंतर कमी करा. दोघे रस्त्याकडेचे हुंगू लागले, एकमेकांकडे अधूनमधून बघून नजर वळवू लागले, की दोन-तीन सेकंद हुंगू द्या आणि पुन्हा चालू लागा. पट्टा सैल हवा. ताणलेला पट्टा म्हणजे आपली भीती त्यांच्यापर्यंत पोहोचवणारी तार. असे अनेक दिवस करा. मग एकत्रच घरात या. आधी वाडगे, हाडे, खेळणी, चावायच्या वस्तू सगळ्या उचलून ठेवा.

पहिले कित्येक आठवडे: जेवण वेगळ्या खोल्यांत, झोप वेगळी, आणि घरात माणूस नसताना दोघे बंद दाराच्या दोन बाजूंना. पहिल्याची झोपायची जागा हलवू नका, त्याची एकट्याची फेरी बंद करू नका. नव्याकडे सगळे घर धावते. अशा दिवसांत पहिला दाराकडे तोंड करून बसतो, कमी जेवतो, बोलावल्यावर उशिरा येतो. ते लक्षात घ्या.

भांडण लागले तर मध्ये हात घालू नका, गळ्यातल्या पट्ट्याला धरू नका. बादलीभर पाणी, जाड चादर, मध्ये सरकवलेली खुर्ची. माणसाला दात लागला तर जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी सरकारी आरोग्य केंद्रात जा, कुत्रा घरचा आणि लस झालेला असला तरी.

आठवी पायरी: कायमचे नंतर, आधी सांभाळून बघा

बहुतेक संस्था आणि सांभाळणारी माणसे काही आठवडे कुत्रा तात्पुरता घरी ठेवू देतात. तीच वाट धरा. सुरुवातीलाच कागदावर लिहून घ्या: किती दिवस, औषधाचा खर्च कोणाचा, जमले नाही तर कुत्रा कोणाकडे परत. नवा कुत्रा पहिले काही दिवस गप्प असतो, साधारण तीन आठवड्यांनी त्याचा खरा स्वभाव बाहेर येतो, पुरते स्थिरावायला तीन महिने जातात. म्हणून पहिल्या रविवारचे गोड फोटो पाहून निर्णय घेऊ नका. शक्य असेल तर ही मुदत पावसाळ्यात ठेवा, जेव्हा दोघे दिवसभर ओले आणि आत असतात.

मुदतीच्या शेवटी पाहायचे ते पहिल्याकडेच. तो पूर्वीसारखा जेवतो का? नव्यासमोर पोट वर करून झोपतो का, की भिंतीला पाठ लावून जागा असतो? स्वतःहून खेळायला बोलावतो का? दोघे एकाच खोलीत, एकमेकांकडे न बघता पहुडतात का? एकमेकांना सहन करत शेजारी झोपणे हेसुद्धा पुरेसे यश आहे; सगळ्या जोड्या खेळत नाहीत.

उत्तर "नाही" आले तर कुत्रा ठरल्याप्रमाणे त्याच हातात परत द्या, आणि पाहिलेले सगळे सांगा: कशावरून भांडला, मुलांशी कसा होता, मांजर चालते का, गाडीत बसतो का. ही माहिती त्याला पुढचे योग्य घर मिळवून देते. रस्त्यावर किंवा दुसऱ्या गावच्या बाजारात सोडून येणे हा त्याच 1960 च्या कायद्याखाली गुन्हा आहे. उत्तर "हो" आले तर नव्याचे लसीचे कार्ड पहिल्याच्या कार्डाला जोडून ठेवा, पंचायतीत नोंद करा, आणि दोघांच्या गोचिडीच्या औषधाची पुढची तारीख कॅलेंडरवर एकाच चौकोनात लिहा.